टाकीत हात घालण्याआधी

कुठल्याही घरी गेली की ती आधी मासे बघत नसे. आधी भिंत बघायची. सॉकेट टाकीच्या किती जवळ आहे, वायर कशी उतरली आहे, एक्स्टेंशनचा बोर्ड जमिनीवर पडलाय की भिंतीला ठोकलाय, हे सगळं एका नजरेत टिपून झालं की पिशवीतल्या रबरी चपला काढून पायात घालायची. मग एक पांढरा, मुठीएवढा डबा काढून सॉकेटमध्ये खोचायची, टाकीचा बोर्ड त्या डब्यात खोचायची आणि डब्यावरचं छोटं बटण दाबायची. टक्. टाकीतला दिवा जायचा, बुडबुडे थांबायचे.

"अहो, लाइट गेली," घरातलं कुणीतरी म्हणायचं.

"गेली नाही, घालवली," ती म्हणायची.

बटण नीट चालतंय अशी खात्री झाली की ती सगळे प्लगच काढून ठेवायची, आणि मग बाही वर सारून पाण्यात हात घालायची. सगळं बंदच करायचं होतं तर मग बटणाचा खटाटोप कशाला, असं बहुतेक सगळे एकदा तरी विचारत. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मी बंद करूनच हात घालते. मी गेल्यावर तुम्ही तसाच घालणार. बटण तुमच्यासाठी आहे."

माशांच्या टाक्या साफ करणं हा तिचा धंदा. दिवसाला चार-पाच टाक्या. दातांचा दवाखाना, एक शिंप्याचं दुकान, दोन-तीन कचेऱ्या, बाकी घरं. पाणी बदलायचं, शेवाळ घासायचं, फिल्टरचा स्पंज पिळायचा, मेलेला मासा असला तर घरातल्या लहान मुलांच्या नजरेआड करून न्यायचा. दातांच्या दवाखान्यातली मुलगी डॉक्टरांना आत फोन करून सांगायची, "बटणबाई आल्यात." दार अर्धवट उघडं असल्यामुळे हे नाव तिच्या कानावर पडलं होतं. तिला राग आला नव्हता. तसंही तिला हाक मारायला फारसं कुणी उरलं नव्हतं. जी हाक मिळाली ती तिने ठेवून घेतली.

कधीकाळी तिला एक भाऊ होता. दोघांचं माशांचं दुकान होतं. वडिलांनी सुरू केलेलं, मग दादाने आणि तिने चालवलेलं. लांबट खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी घोडे आणि त्यांवर तीन मजल्यांत मांडलेल्या चाळीस टाक्या. दादा माणसांपेक्षा माशांशी जास्त बोलायचा. टाकीत हात घातला की कधीकधी बोटांना मुंग्या यायच्या, तेव्हा हसून म्हणायचा, "करंट मला ओळखतो गं. नमस्कार करून जातो." तीही हसायची. मुंग्या तिलाही यायच्या. ओल्या हाताला तेवढं चालायचंच, असं दुकानात सगळेच धरून चालले होते.

एकदा दुपारी ती मागच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशव्या मोजून गठ्ठे बांधत होती. पाच मिनिटं झाली असतील. बाहेर आली तर दादा मधल्या घोड्याला टेकून उभा होता. एक हात कोपरापर्यंत पाण्यात, दुसरा लोखंडी पट्टीवर. मान जरा खाली, एखादी गोष्ट निरखून बघावी तशी. "काय बघतोस रे?" असं तिने विचारलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हाही क्षणभर तिला वाटलं की तो खरंच काहीतरी बघतोय. मग तिला त्याच्या बोटांची पकड दिसली. धावत जाऊन तिने मेन स्विच खाली ओढला. तेवढं तिला सुचलं. दुकान काळोखं झालं आणि दादा सावकाश खाली बसला. तो पुन्हा उठला नाही.

त्या दिवसातली एकच गोष्ट तिच्या डोक्यातून पुढे कधी गेली नाही. ती मेन ओढेपर्यंत चाळीसही टाक्यांतले दिवे चालू होते. एकही विझला नव्हता.

दुकानाचं वायरिंग बघायला आलेल्या म्हाताऱ्या वायरमनला तिने विचारलं, "फ्यूज का नाही उडाला?"

तो बोर्डाचं झाकण लावू लागला. "फ्यूज वायरीसाठी असतो, ताई. वायर जळू नये म्हणून. माणूस जायला जेवढा करंट लागतो, तो इतका थोडा असतो की फ्यूजला त्याचा पत्तासुद्धा लागत नाही." मग म्हणाला, "दुसरा एक स्विच मिळतो. गळती पकडणारा. तो असता तर..." पुढचं त्याने गिळलं.

ते न बोललेलं वाक्य ती एकोणीस वर्षं सोबत घेऊन हिंडत होती. वहिनी लहानगीला घेऊन माहेरी गेली आणि मग तिकडचीच झाली. दुकान बंद झालं. खाली आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वरच्या एका खोलीत ती राहते. पहिल्या वर्षी तिने वायरमनच्या मागे लागून सगळं समजून घेतलं: अर्थिंग म्हणजे काय, गळती कशी होते, तो स्विच ती कशी ओळखतो. आणि मग पोटासाठी जे एकच काम तिला येत होतं तेच करायला ती घरोघरी जाऊ लागली, डबा घेऊन.

सरांच्या घरी ती पहिल्यांदा गेली तेव्हा सरांची बायको होती. सर भूगोलाचे शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. टाकी काकूंची. चार फूट लांब, आणि तिच्यात एकच मासा: काळा-नारिंगी ऑस्कर, ताटलीएवढा. काकू त्याला मॉनिटर म्हणायच्या. "सगळ्या खोलीवर लक्ष ठेवून असतो. कोण आलं, कोण गेलं. आता तुमचं नाव फळ्यावर लिहील बघा." आणि खरंच, मासा काचेला नाक लावून तिच्याकडे टक लावून बघत होता.

ऑस्कर जातीचा मासा भारी दांडगा. टाकीतले दगड हलवतो, रोपं उपटतो, मनासारखं झालं नाही तर शेपटी आपटतो. पाणी कोमट ठेवायला काचेच्या नळीचा हीटर बुडवलेला असतो, त्यालाही धडका देतो. तिने हीटरला जाळीचं कव्हर घातलं. मॉनिटरने दोन आठवड्यांत ते उपसून कोपऱ्यात टाकलं. काकूंना याचंही कौतुक.

मग काकू आजारी पडल्या आणि सहा महिन्यांत गेल्या. ती नेहमीसारखी गुरुवारी गेली तेव्हा सरांनी दार उघडलं, आणि टाकीपाशी येऊन म्हणाले, "याचं सगळं मला शिकवा. मला यातलं काहीच येत नाही."

तिने शिकवलं. खायला किती द्यायचं, पाणी किती बदलायचं. वायर भिंतीकडे जाताना आधी खाली लोंबती सोडायची आणि मग वर सॉकेटला न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोळातून खाली टपकतं, सॉकेटात शिरत नाही. पाण्यात एक लहानशी सळई सोडून तिने ती अर्थिंगला जोडली, म्हणजे पाण्यात करंट गळलाच तर त्याला जमिनीत जायला वाट मिळते. आणि सॉकेटमध्ये स्वतःकडचा एक डबा कायमचा बसवला.

"हा काय करतो?" सरांनी विचारलं.

"सर, तुम्ही मुलांना सहलीला न्यायचात ना?"

"तीस वर्षं."

"निघताना मुलं मोजायचात. परतताना मोजायचात. एक जरी कमी भरलं तर?"

"तर बस जागेवर थांबायची."

"हा तेच करतो. जेवढा करंट आत गेला तेवढा परत आला पाहिजे. थोडासा जरी कमी आला तर तो कुठेतरी गळतोय. कदाचित कुणाच्या तरी अंगातून जातोय. मग हा बस थांबवतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

सर हसले. काकू गेल्यानंतर ती त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते डब्याचं बटण दाबून बघू लागले आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण करू लागले, वही तपासावी तशी.

दर दुसऱ्या गुरुवारी काम झालं की सर चहा करायचे. साखर नेहमी जास्त पडायची. कप पुढे सरकवून विचारायचे, "काय बाई, आज कुठून कुठे?" मग ती सांगायची: सकाळी दातांचा दवाखाना, तिथून चढावर दुमजली घर, तिथून खाली शिंपी. सर टेबलावर बोटाने नकाशा काढायचे. "म्हणजे उत्तरेकडून उतरलात. आणि दवाखान्यातून निघालात तेव्हा ऊन पाठीवर असणार." तिला कधी ऊन कुठे होतं ते आठवायचं नाही, पण ती हो म्हणायची. मॉनिटर काचेला टेकून दोघांकडे बघत राहायचा.

दिवसभरात ती अनेक माणसांना भेटत असे. पण कामाखेरीजचं कुणाशी बोलणं व्हायचं ते दोन आठवड्यांतून एकदा, त्या चहाच्या वेळी. हे तिने सरांना कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

तिच्या हातून एक चूक झाली. सरांच्या टाकीतलं सगळं एकाच डब्यावर होतं: हीटर, फिल्टर, हवेचा पंप, दिवा. डब्याने वीज तोडली तर सगळंच बंद पडणार, आणि घरी कुणी नसेल तर एवढा मोठा मासा थंड, शिळ्या पाण्यात हवेवाचून राहणार. तिला हे माहीत होतं. वीज गेली की आपोआप चालू होणारा बॅटरीचा पंप लावू या, असं तिनेच सुचवलं होतं. सरही हो म्हणाले होते. तिने दुकानात विचारलं, तर माल संपला होता. "पुढच्या वेळी आणते, सर." पुढच्या वेळी विसरली. त्याच्या पुढच्या वेळी दुकान बंद होतं. असा दीड महिना गेला.

थंडीचे दिवस होते. सरांची मुलगी दूरच्या शहरात घर बदलत होती. मदतीला म्हणून सर चार दिवसांसाठी गेले. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिचा फोन वाजला. ती शिंप्याच्या दुकानात होती.

"बाई, मॉनिटर आडवा झालाय." सरांचा आवाज बारीक झाला होता. "सगळं बंद आहे. बटण वर करतोय तर पुन्हा पडतंय."

"किती वेळा पडलं?"

"तीनदा. तुम्ही या."

"सर, काही करू नका. पाण्याला हात लावू नका. मी आलेच." पण फोन मध्येच कधीतरी बंद झाला होता. त्यांनी यातलं किती ऐकलं ते तिला कळलं नाही. पुन्हा लावला तर उचलला नाही. ओल्या हातांनी, बादली तशीच टाकून ती निघाली. स्विच पुन्हापुन्हा पडतो तो उगाच नाही, हे तिला ठाऊक होतं. सरांना ते ठाऊक असलं तरी आत्ता सुचणार नाही, हेही तिला कळत होतं.

दार उघडंच होतं. आत जाताच तिला आधी ऐकू आलं: फिल्टर घरघरत होता. बुडबुडे येत होते. मग दिसलं: पांढरा डबा टेबलावर काढून ठेवलेला, आणि बोर्ड थेट भिंतीत खोचलेला. बोर्डावरचा तांबडा दिवा चालू. सर टाकीवर ओणवे झाले होते. एका हाताने लोखंडी घोडा धरलेला, दुसऱ्याची बाही वर सारलेली, आणि बोटं पाण्यावर टेकायला आलेली.

"दादा, हात काढ!"

ती काय ओरडली ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. सर दचकून मागे सरले. ती त्यांच्या आणि भिंतीच्या मधून घुसली आणि तिने प्लग उपटला. खोलीत एकदम शांतता झाली.

"हे काय केलंत?" सर म्हणाले. "आत्ता चालू झालं होतं. तो हलला होता. मी बघितलं, त्याचा कल्ला हलला."

"दोन मिनिटं, सर."

"लावा ते परत."

"दोन मिनिटं."

तिने हीटर वायरीला धरून वर ओढला. काचेची नळी खालच्या बाजूला तडकली होती. बोटभर लांब तडा, आत पाणी शिरलेलं, आतली तार काळी पडलेली. तिने तो बाजूला टाकला, डबा भिंतीत लावला, बोर्ड त्यात खोचला, बटण वर केलं. या वेळी ते पडलं नाही. फिल्टर सुरू झाला, पंप सुरू झाला. मग तिने हवेची नळी जाळीच्या दांड्याला बांधून माशाच्या तोंडाजवळ धरली, आणि दुसऱ्या जाळीने त्याला खालून आधार दिला. सर शेजारी उभे होते. दोघं तशीच किती वेळ उभी होती कोण जाणे. कल्ला पुन्हा हलला नाही.

"सर," शेवटी ती म्हणाली.

"पाच मिनिटं," सर म्हणाले. "चार दिवस तो तुमच्या बटणामुळे तडफडला. आणि जगायच्या बेतात होता तेव्हा तुम्ही त्याची पाच मिनिटं खाल्लीत."

"हीटर फुटला होता. पाण्यात करंट होता. तुम्ही हात घातला असता तर..."

"मला शिकवू नका." त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात अगदी शेवटचं सांगताना शिक्षक बोलतात तसा, सपाट होता. "हे तुमचं बटण घेऊन जा. पुन्हा येऊ नका."

ती बॅटरीच्या पंपाबद्दल काहीतरी बोलणार होती. पण बोलली नाही. तिने डबा काढला, सळई काढली, फुटका हीटर वर्तमानपत्रात गुंडाळला. मासा न्यायला ती पुढे झाली तेव्हा सर मध्ये आले. "तो माझा मी बघेन."

जिना उतरताना मधल्या पायरीवर ती बसली. वरून दार लावल्याचा आवाज आला.

त्यानंतरचे गुरुवार तिने भरून काढायचा प्रयत्न केला. एका कचेरीची टाकी गुरुवारवर आणली. ती साफ करायला अर्धा तास पुरायचा. उरलेली दुपार ती दुसऱ्या रस्त्याने, लांबून, घरी चालत यायची. सरांनी कुणाला काही सांगितलं की बातमी आपोआप पसरली, कुणास ठाऊक, त्यांच्या गल्लीतल्या एका घरात मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, ते तुमचं यंत्र काढून टाका. त्याने मासे मरतात म्हणे."

"यंत्राने नाही मरत. फुटलेल्या हीटरने मरतात. दोन वेगळे डबे लावू, एकावर हीटर, दुसऱ्यावर पंप. म्हणजे एक पडला तरी दुसरा..."

"नकोच ते."

"मग मलाही नको," असं म्हणून ती तिथून निघाली ती परत गेली नाही. रस्त्यावर आल्यावर तिला वाटलं, आपण उगाच ताठपणा केला. आणि तरी पाय मागे वळेनात.

उरलेल्या सगळ्या घरांत तिने महिन्याभरात हीटर आणि पंप वेगळे करून दिले. जिथे माणसं गावाला जायची तिथे बॅटरीचे पंप बसवले. आता दुकानात माल भरपूर आला होता. पहिला पंप हातात घेतला तेव्हा तिला दुकानदाराच्या समोरच रडू आलं, आणि डोळ्यात काहीतरी गेलं असं तिने सांगितलं.

थंडी संपली. उकाडा सुरू झाला. एका दुपारी ती खोलीत डाळ-तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. वर तिच्या खोलीशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यामुळे खालच्या दुकानाचं गिऱ्हाईक चुकून आलं असेल असं तिला वाटलं. दारात सर उभे होते. धाप लागली होती.

"खाली विचारलं," ते म्हणाले. "त्याने सांगितलं वर राहतात म्हणून."

तिने खुर्ची पुसून पुढे केली. एकच खुर्ची होती. ती पलंगाच्या कडेला टेकली. सरांनी खोलीभर नजर फिरवली आणि मग ती खाली, स्वतःच्या हातांवर ठेवली.

"तीन महिने मला एक प्रश्न पडलाय," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही मला दादा म्हणालात. अरे-तुरे केलंत. तुम्ही तशा नाही. कोण दादा?"

इतक्या वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. ती सांगायला लागली तेव्हा तिला वाटलं होतं खूप बोलावं लागेल. पण ते अगदी थोडक्यात संपलं. दुकान, पिशव्या, पाच मिनिटं, चालू राहिलेले दिवे.



"मग मला आणखी एक सांगा. खरं सांगा," सरांनी विचारलं. "ती सळई. तुम्ही सळई लावली नसती, तर काय झालं असतं?"

हा प्रश्न तिने स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की उत्तर तयार होतं. "सळई होती म्हणून हीटर फुटल्याफुटल्या स्विच पडला. सळई नसती तर गळतीला वाट मिळाली नसती. स्विच तुमचा हात लागेपर्यंत थांबला असता. मॉनिटर कदाचित तोवर जगला असता."

"आणि मी?"

"तुम्हाला एक झटका बसला असता. लगेच स्विच पडला असता."

"म्हणजे मी वाचलो असतो. आणि तोही."

"बहुतेक."

"बहुतेक," सर म्हणाले.

"दादा गेल्यापासून मी बहुतेकवर काम करत नाही, सर. तुम्ही हृदयाच्या गोळ्या घेता. मला तुमचा हात मोजणीत धरायचाच नव्हता."

खालच्या दुकानात कुणाचा तरी फोन एकसारखा वाजत होता. दुरुस्त झालाय का ते बघत असावेत. सर म्हणाले, "मी तुम्हाला दोष दिला. कुणाला तरी द्यायचा होता. बायको गेली तेव्हा कुणाला देता आला नव्हता."

"दोष होताच," ती म्हणाली. "बॅटरीचा पंप मी दीड महिना आणला नाही. तो असता तर त्याला हवा तरी मिळाली असती. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मला तो आठवतच नव्हता."

"मला होता."

सरांनी मान हलवली. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, तिने माफी मागितलीही नाही. मग ते म्हणाले की मुलीकडे कायमचा जातोय. घर भाड्याने देणार. टाकी एका शाळेने नेली, पण त्यांनी तिच्यात पाणी भरलेलं नाही, दगड आणि खनिजांचे नमुने मांडलेत. भूगोलाच्याच कामी आली. हे सांगताना ते किंचित हसले.

ती चहा ठेवायला उठली, तर ते म्हणाले, "नको, रिक्षा थांबवून आलोय." जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. ती वरूनच बघत राहिली. खाली जाऊन त्यांनी कोणत्या दिशेला वळायचं याचा क्षणभर विचार केला, आणि मग गेले.

आणखी काही महिने गेले. त्यांचा फोन आला नाही; आपण करावा का, हे तिला ठरवता आलं नाही. घरात नवे भाडेकरू आले. त्यांच्याकडे मासे नव्हते.

पुढच्या थंडीत एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. सरांची मुलगी. "बाबांनी तुमचा नंबर दिला. आमच्या इमारतीत खाली माशांची मोठी टाकी ठेवलीय. लहान मुलं वाकून हात घालतात. बाबा रोज म्हणतात, आधी त्या बाईंना विचारा."

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि सांगू लागली. वायरीला झोळ हवा. बोर्ड जमिनीवर नको, टाकीखाली तर नकोच. हीटर वेगळ्या स्विचवर, पंप वेगळ्या. इमारतीच्या मुख्य बोर्डावर गळतीचा स्विच आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, नुसता असून उपयोग नाही, अर्थिंग तपासा. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा. दाबलं आणि वीज गेली नाही तर त्याच दिवशी स्विच बदला. हात घालायच्या आधी प्लग काढा, स्विच असला तरी. मुलगी लिहून घेत होती, मध्ये मध्ये थांबवून विचारत होती, आणि प्रश्न चांगले होते. अर्धा तास झाला. इतका वेळ ती कुणाशी फोनवर बोलली नव्हती.

"सर आहेत का?" शेवटी तिने विचारलं.

"झोपलेत जरा. अलीकडे दुपारपर्यंत झोपतात." मुलीने आवाज खाली आणला. "एक विचारू? बाबा तिकडेही असेच गप्प असायचे का? इथे या टाकीचं सोडलं तर दिवसभर बोलतच नाहीत. आम्ही आपलं समजतो, त्यांचा स्वभावच तसा."

खाली रस्त्यावरून एक माणूस काचेचं तावदान दोन्ही हातांनी धरून सावकाश चालला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "बोलायचे. खूप बोलायचे."

 मुलगी "बरं" म्हणाली, आभार मानले आणि फोन ठेवला.